पालखीचं ओझं

शालूच्या पोराचं नाव ठेवलं, ते साल १९६३. पोराचं नाव मिलिंद. पाळणा हलत होता आणि पाळण्याशेजारच्या बाजेवर पोराची आई पदरात तोंड खुपसून खोकत होती. बाळंतपणाला दर्यापूरला माहेरी आलेली शालू क्षयाच्या दुखण्यानं माहेरीच अडकली होती. सरकारी दवाखान्यातून रोज सुई चालू होती आणि अंगावर जरा मांस धरू लागलं होतं.

त्याच दसऱ्यानंतर दर्यापूरच्या बाजाराच्या मैदानात सूर्यभान महाराजांचा ट्रेलर येऊन उभा राहिला.

ट्रेलर म्हणजे जीपला जोडून आणलेली चाकांवरची टिनाची खोली. आत गादी, देव्हारा आणि उदबत्तीचा धूर, छपरावर काळ्या काचेचे चार पाट. सकाळी चेले ते पाट उन्हाकडे तोंड करून ठेवत. तिन्हीसांजेला देव्हाऱ्यात दिवा लागे. त्यात तेल नाही, वात नाही. मैदानात विजेचा खांबही नाही. तरी उजेड असा पांढराशुभ्र, की समोर बसलेल्या बाईच्या कपाळावरचं गोंदण दिसावं. खेड्यापाड्यांतून बैलगाड्या भरभरून माणसं येत. दिवा लागला की सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास सुटे, आणि मग जो जयजयकार उठे त्यानं झाडावरचे बगळे उडून जात.

महाराज गादीवरून बोलत. "सूर्यनारायण दिवसभर तेज वाटून राहिला, आन तुमी त्यात काय करता? पापड वाळवता! अरे, या पाटात किरणं मुरतात, मुरांब्यासारखी. रशियानं आभाळात यंत्र सोडलं, ते कशावर चालते? अशाच पाटावर! रशियानं ही विद्या कुठून नेली?"

"आपल्याकडून!" गर्दी ओरडे.

"मग आपण दवाखान्यात काहून जावं?"



शालूची आई सुंदराबाई पोरीला घेऊन गेली ती दुसऱ्याच दिवशी. शालूचा बाप बुधाजी मागे मागे गेला. त्यानं सात वर्षांपूर्वी धर्मांतर करताना घरातले देव नदीत सोडले होते, बाबाबुवांच्या पाया पडणार नाही अशी शपथ घेतली होती. पण महाराजांनी शालूच्या डोक्यावर हात ठेवला. सुंदराबाईच्या हातात वरून टाकला नाही, हातात हात देऊन प्रसाद दिला. "इथं जात नाही," म्हणाले, "सूर्य कोणाची जात पाहत नाही." या गावात उभ्या जन्मात सुंदराबाईच्या हाताला असा कोणाचा हात लागला नव्हता. ती तिथंच रडली. बुधाजीनं मान फिरवली, पण तोही तिथून हलला नाही.

मग महाराज म्हणाले, "सुई बंद. सुई देहाले भोक पाडते. भोकातून तेज गळते."

सुई बंद झाली. रोज संध्याकाळी शालू दिव्यासमोर बसू लागली.

महाराजांच्या पादुकांची एक लहान पालखी होती. एक दांडा, पुढे एक माणूस, मागे एक. रोज सकाळी ती वाजतगाजत गावाच्या टोकाला ओमप्रकाशच्या पिठाच्या गिरणीत जाई. गिरणीमागच्या बंद खोलीत पादुका दिवसभर विश्रांती घेत आणि संध्याकाळी परत येत. खांदा द्यायला रांग लागे. महाराजांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "ज्याच्या मनात पाप, त्याले पालखी जड लागते. पुण्यवंताले फूल."

जो तो खांदा देई, घामानं निथळे आणि म्हणे, "फूल, महाराज, फूल!"

दिवाळीच्या चार दिवस आधी बुधाजीची पाळी आली. ज्या गावात पालखी दिसली की त्याचा बाप रस्ता सोडून उभा राही, त्या गावात त्याच्या खांद्यावर पालखी! लेकीसाठी त्यानं शपथ बाजूला ठेवली आणि दांडा उचलला. उचलला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जन्मभर ओल्या कापसाची गाठोडी वाहिलेला तो माणूस, पण गिरणी येईपर्यंत तो वाकून गेला.

"कशी लागली, बुधाजी?" चेल्यानं विचारलं.

"फूल," बुधाजी म्हणाला.

घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. जेवला नाही. आपल्या मनात असं कोणतं पाप आहे, जे लेकीच्या वाटेत आडवं आलं, हे तो शोधत होता. शपथ मोडली, हेच ते असावं, असं त्याला वाटलं.

दिवाळीची सुटी लागली आणि जावई आला. धर्मपाल, अकोल्याजवळच्या शाळेत मास्तर. दारातच त्यानं शालूचा चेहरा पाहिला. बाजेखाली राखेचं टोपलं होतं आणि राखेत लाल थुंकी.

"सुई कधीपासून बंद आहे?"

 शालूच म्हणाली, "दसरा झाल्यापासून. मायचा लई भरोसा हाय. तिले रागावू नका."

"मामी, तुम्ही हे काय करून ठेवलं?"

"मास्तर, तुमी पुस्तकातलं सांगता," सुंदराबाई कडाडली. "त्या दवाखान्यात माह्या पोरीले खिडकीतून सुई टोचत. महाराजानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, हात! आन उजेड त मी माह्या डोयानं पाह्यला!"

 तेवढ्यात धर्मपालची नजर सासऱ्याच्या खांद्यावर गेली. नवा सदरा, पण खांद्यावर चाळणीसारखी भोकं. कडा पिवळट, बोट लावलं की सूत गळून पडत होतं.

"मामाजी, हे काय सांडलं?"

"पालखीतलं तीर्थ गळलं थोडं. आग झाली मले. पण तीर्थ होय ते."

"तीर्थानं कापूस जळतो का? हे तेजाब आहे, ॲसिड. शाळेत माझ्या धोतराला अशीच भोकं पडली होती." धर्मपाल त्याच्यापुढे उकिडवा बसला. "खरं सांगा, पालखी जड होती का?"

बुधाजी बायकोकडे पाहू लागला.

"मामाजी, दोन खडावांचं वजन ते किती?"

"जड होती," बुधाजी अगदी हळू म्हणाला. "लई जड. दोन मण असंन."

सुंदराबाईनं तोंडावर पदर घेतला.

धर्मपाल बोटं मोडत विचार करू लागला. "पालखी परत यायच्या आधी कधी दिवा लागला?"

"नाई. पादुका आल्यावरच लागते."

"आणि ओमप्रकाशच्या गिरणीत इंजिनावर रेडिओच्या बॅटऱ्या भरून देतात. बरोबर?"

"देतात."

"मग छपरावरचे पाट उन्हात काय करतात, पापड वाळवतात? दिव्याचा जीव पालखीत आहे. तुम्ही गावकरीच तो रोज खांद्यावरून नेता-आणता. उद्या चौकात तुम्ही एवढंच म्हणा, जड लागली."

"नाई," बुधाजी म्हणाला.

"काहून नाही?"

"तुमाले समजत नाई, मास्तर. दुसरा कोणी म्हणंन त तो एकटा पापी. मी म्हटलं त सारा आपला मोहल्ला पापी. लोक म्हणतीन, पाहा, यायले खांदा देऊ दिला त पालखी जड झाली. उद्या लाठ्या निघतीन."

  मग शालूला उबळ आली. ती थांबेचना. बुधाजीनं टोपलं पुढे धरलं, त्यात पाहिलं, आणि टोपलं घेऊन तो बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पालखी गिरणीतून निघाली. दांड्याच्या पुढच्या टोकाला गावातले गोपाळकृष्ण वकील होते. मागच्या माणसाला धाप लागलेली पाहून बुधाजी पुढे झाला आणि त्यानं खांदा बदलून घेतला. झांजा वाजत होत्या. चौकात दोन्ही बाजूंनी माणसं दाटली होती. बुधाजी थांबला. पुढे वकिलांना झटका बसला, तेही थांबले.

"चाल रे!" चेला ओरडला.

"नाई चालत," बुधाजी म्हणाला. "जड लागून राहिली."

झांजा बंद पडल्या.

"काय म्हणला?"

"जड लागते. लई जड लागते. मी पापी त पापी!"

गर्दीतून एकजण ओरडला, "सांगितलं होतं ना, याले हात लावू देऊ नका!" दोन-तीन काठ्या वर झाल्या. सुंदराबाई बाया हटवत पुढे घुसत होती. धर्मपाल सासऱ्याच्या अंगाशी येऊन उभा राहिला. बुधाजीनं दांडा सोडला नाही.

"मले पापी म्हणा," तो म्हणाला. "पण वकीलसाहेब, तुमी देवाधर्माचे. तुमाले फूल लागते का? माह्या लेकीच्या जिवाचा सवाल हाय. खरं सांगा."

वकील काळ्या कोटाच्या कॉलरमध्ये मान घालून उभे होते. सगळा चौक त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी घाम पुसला.

"मला पहिल्या दिवसापासून जड लागते आहे," ते म्हणाले. "लाजेखातर बोललो नाही."

काठ्या खाली आल्या. "मलेही जड लागली होती," मागून एक आवाज. "माहा त खांदा सुजला, चार दिवस शेक घेतला!" दुसरा. "अन मले म्हणे फूल! फूल कायचं, जात्याचा दगड होय तो!" कोणीतरी हसलं. चेला पळायला लागला, त्याला पोरांनी धोतराला धरून बसवलं.

धर्मपालनं पालखीची झालर वर केली. पादुकांखाली फळी होती. फळी काढली. खाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या, तेजाबानं ओल्या झालेल्या चिंधीत गुंडाळलेल्या.

गर्दी तशीच मैदानाकडे वळली. महाराज ट्रेलरच्या दारात उभे राहून म्हणाले, "ही सूर्याची परीक्षा आहे!" पण आवाज चिरका आला. धर्मपाल छपरावर चढला. पाटांची तार त्यानं ओढली, तर ती हातात आली. दुसरं टोक लाकडात खिळ्यानं ठोकलेलं होतं. एक पाट उलटा करून त्यानं सर्वांना दाखवला.

"ही खिडकीची काच. मागून डांबर फासलं आहे. उन्हापासून वीज करणारे खरे पाट जगात आहेत. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं डोकं झिजवून ते बनवले आणि ते कसे चालतात हे छापून सांगितलं. ज्याला खरी विद्या येते तो खोलीला कडी लावत नाही."

सुंदराबाई महाराजांच्या अगदी समोर गेली. तिनं शिवी दिली नाही. "महाराज," ती म्हणाली, "माह्या पोरीचे इतके दिवस तुमी घेतले. ते द्या."

महाराज जीपकडे पाहत होते. मागून पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी बैलगाडी जुंपून शालूला स्टेशनावर नेलं आणि तिथून अकोल्याच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी सुई पुन्हा सुरू केली. महिन्यानं त्यांनी धर्मपालला बाजूला घेतलं. औषध मधेच सोडलं की क्षयाचे जंतू धीट होतात, मग तेच औषध त्यांना लागू पडत नाही, शालूचं तसंच झालं आहे, असं त्यांनी सांगितलं.

चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा, हे कसं होतं? दाखवा म्हणा, कडी काढायला लावा. औषध मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. प्रश्न विचारणाऱ्याला जो पापी ठरवतो, त्याच्याकडे लपवण्यासारखं काही असतं. दर्यापुरात खांदा सुजलेली शेदीडशे माणसं होती. त्यांतल्या एकानं पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं, तर महाराज दुसऱ्या दिवशीच गाव सोडून गेले असते.

शालू धर्मपाल ९ मे १९६४ रोजी अकोल्याच्या दवाखान्यात वारली. मिलिंद तेव्हा आठ महिन्यांचा होता.