चांदमामाची पाठ

"मूठ उघडू नगंस रं! झाकूनच आत जा."

तालमीच्या पायरीवर बसलेल्या हवालदार चांदसाहेब शिकलगारांनी मागं वळून न बघताच दम दिला. तोंड रस्त्याकडं, पाठ दाराकडं. दारात आवळलेली मूठ घेऊन जोतीराम उभा होता.

"मामा, तुमाला मागनं डोळं हायत का काय?"

"न्हाईत. म्हणून तर गावानं मला हितं बसवलंय."

रांग हसली. धामणमळ्यातल्या प्रत्येक घरातलं एकूण एक मोठं माणूस त्या सकाळी मूठभर गव्हाचा कोंडा घेऊन तालमीपुढं उभं होतं. आतल्या खोलीत तांब्याचा हंडा ठेवला होता. एकेकट्यानं आत जायचं, हंड्यात मूठ सोडायची, बाहेर यायचं. बारा वाजता हंडा घोंगड्यावर पालथा करायचा. चोरीची वस्तू कोंड्यात निघाली तर विषय मिटला. कुणी टाकली ते कुणी विचारायचं नाही.

रीत गावाची, जुनी. तिला खाकी कपड्यात राखण बसणारा हवालदार मात्र एवढा एकच. मधल्या बदल्या वजा जाता चांदसाहेब बारा वर्षं इथल्या दूरक्षेत्रावर, म्हणजे छोट्या पोलीस चौकीवर होते. पोलिसाला मामा म्हणायची पद्धत आणि त्यात हे नाव, त्यामुळं गावापुढं दुसरा इलाजच नव्हता. ते चांदमामाच झाले. या बारा वर्षांत हंडा नऊ वेळा मांडला. आठ वेळा वस्तू आली. त्यातल्या एकदा तर हरवलेल्या घड्याळाबरोबर चांदीचा एक छल्लाही निघाला. तो गेल्याचं मालकिणीला तोवर ठाऊकच नव्हतं. एकदा काहीच आलं नाही, तेव्हा चोर परगावचा असणार असं गावानं ठरवलं आणि चांदसाहेबांना ते पटलं. गावाबद्दल मत चांगलं असणं हा त्यांच्या नोकरीतला जुना दोष होता. कागदावर मात्र यातली एकही चोरी झालेली नव्हती.

या खेपेला आप्पासोंच्या बायकोची बोरमाळ गेली होती.

"मामा, कोंडा-बिंडा ऱ्हाऊ द्या की," आप्पासो रांगेतनंच म्हणाले, "दोन-चार जणांस्नी ठोका, आपसूक निघंल."

"ठोकतो की. तुमच्यापास्नं सुरवात करू?"

पुन्हा हशा. आप्पासो हसले नाहीत, पण मूठ घेऊन आत गेले.

सतराव्या की अठराव्या नंबराला अर्जुना आली. आप्पासोंच्या घरी धुणंभांडी करणारी. आदल्या दिवशी दुपारी ती दूरक्षेत्राच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"मामा, आत खरंच कोण बघत न्हाई?"

"मी पायरीवर पाठ करून बसतो. माझी पाठ बघायची अन् आत जायचं. माझं इमान हाय, पोरी."

ती गेली. चांदसाहेबांना जे कळायचं ते कळलं आणि त्यांनी ते तिथंच विसरून टाकलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हे विसरणं तेवढं साधलं होतं.

पण या वेळी त्यांनी आजवर कधी न केलेली एक गोष्ट केली होती. हंडा मांडणार असल्याचं वरिष्ठांना सांगितलं होतं.

पोलीस ठाण्यात नवीन आलेले ऋषिराज साहेब तरुण होते, स्वच्छ होते, दुसऱ्याचा चहासुद्धा घेत नव्हते. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले होते, "लोकांचा आपल्यावर विश्वास बसायला हवा असेल, तर आधी आपला एकमेकांवर हवा. माझ्यापासून काही लपवू नका." असं चांदसाहेबांशी आजवर एकही साहेब बोलला नव्हता. माणूस विरघळला. खोली, वेळ, हंडा, सगळं सांगून बसला. साहेबांनी मन लावून ऐकलं.

"चांगली प्रथा आहे. मांडा हंडा," म्हणाले. वर, आदल्या संध्याकाळी स्वतः येऊन खोलीही बघून गेले.

बाराला हंडा पालथा झाला. कोंड्याच्या ढिगात बोरमाळेचे मणी चमकले. आप्पासोंची बायको माळ उराशी धरून रडली, आप्पासोंनी पेढ्यांचा पुडा मागवला, जोतीराम म्हणाला, "मामाची पाठ लय पावरबाज हाय गड्या!" बायकांच्या मागं उभ्या असलेल्या अर्जुनाच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी रंग आला होता. पेढ्याला न थांबता ती घराकडं निघाली.

पेढे वाटून व्हायच्या आत जीप आली. तालमीपाशी थांबली नाही. थेट वस्तीच्या शेवटच्या, अर्जुनाच्या घरापुढं जाऊन थांबली.

चांदसाहेब पळत गेले, मागनं आप्पासो आणि सगळा गाव. या वयात हवालदार पळताना गावानं पहिल्यांदाच पाहिला. तोवर महिला पोलिसानं अर्जुनाला दंडाला धरून बाहेर आणलं होतं. साहेबांनी मोबाईल पुढं केला. तालमीच्या आढ्यावरून घेतलेलं चित्रण होतं. खाली हंडा, त्यावर वाकलेली अर्जुना आणि तिची मूठ. मूठ सुटताना कोंड्यात पिवळं काहीतरी पडलं.

"साहेब, मी शब्द दिला हुता."

"तुम्ही दिला होता, हवालदार. खात्यानं दिला नव्हता."

"पर माळ घावली की! आप्पासो, सांगा की हो!"

"माझी काय तक्रार न्हाई साहेब," आप्पासो घाईनं म्हणाले.

"फिर्यादीवर काल सही केलीय तुम्ही."

"ती व्हय? मला वाटलं, नुसती सही हाय."

साहेब चिडले नाहीत. अगदी समजुतीनं म्हणाले, "हवालदार, चोर सापडतो तेव्हा लोकांचा विश्वास वाढतो. चोर झाकून ठेवल्यानं नाही." त्यांना ते मनापासून वाटत होतं. लबाड असते तर चांदसाहेबांना त्यांच्याशी भांडता आलं असतं.

ठाण्यात अर्जुनानं जबाब दिला. आरसा पुसताना माळ दिसली. एकदा गळ्यात घालून बघितली. तेवढ्यात मालकीण आली, तशी पदर वर घेतला आणि तशीच घरी गेले. परत ठेवायला वाटच मिळेना. लिहिणाऱ्यानं पेन थांबवून विचारलं, "एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच." त्या खोलीत ते एकट्या चांदसाहेबांना खरं वाटलं आणि त्यांच्या वाटण्याला जबाबात रकाना नव्हता.

कोर्टात न्यायच्या गाडीत बसताना ती त्यांच्याकडं वळली.

"मामा, तुमची पाठ बघूनच आत गेले हुते."

बातमी छापून आली. सांगलीला कार्यक्रम झाला. साहेबांना सन्मानचिन्ह आणि 'जनतेचा विश्वास संपादन केल्याबद्दल' चांदसाहेबांना प्रशस्तिपत्र. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, फोटोपुरते थांबले आणि जेवणाला न थांबता घरी आले.

"खिळा मारू का?" बायकोनं, शबानानं, काचेवरची धूळ पुसत विचारलं.

"नगं. कोण तरी बघंल."

दूरक्षेत्रावर आता शांतता असे. पूर्वी दिवसाकाठी पाचसहा माणसं येत. कुणाची शेळी, कुणाची सून, कुणाचं नुसतंच मन भरून आलेलं. आता येणारा माणूस अर्ज घेऊन येई, दोन प्रतींत. वर पोच मागे. पोच देऊन झाली की चहालाही थांबत नसे. कामकाज कधी नव्हे इतकं नीट झालं होतं.

अर्जुना महिन्याभरानं जामिनावर सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी चांदसाहेब साध्या सदऱ्यात तिच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं.

ते दिसताच ती भांडी टाकून उठली, डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी उभी राहिली. सासू राहीबाई शेजारच्या घरातनं प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, पदरानं पुसली.

"बसा साहेब."

ते उभेच राहिले.

"अर्जुना, मला म्हाईत नव्हतं गं, वर काय बसवलंय ते."

"व्हय साहेब."

"खोटं बोललो न्हाई मी तुज्याशी."

"व्हय साहेब."

ते काहीही म्हणाले असते तरी तिनं होच म्हटलं असतं. त्यांना ते समजलं.

तेवढ्यात राहीबाई आतनं एक कॅरीबॅग घेऊन आली आणि तिनं ती त्यांच्या हातात दिली. आधारकार्डं, रेशनकार्ड, लाईटबिल, जामिनाचा कागद.

"बघून घ्या साहेब. सगळं हाय. काय कमी आसंल तर आत्ताच सांगा. परत परत येऊ नगा."

"आवं राहीबाई, त्येच्यासाठी न्हाई आलो..."

"व्हय. पर बघून घ्या."

ती हटेना. हात पुढं, मान खाली. अर्जुनाची नजर जमिनीवर.

चांदसाहेबांनी खिशातनं चष्मा काढला. खुर्चीवर बसले. एकेक कागद बाहेर काढला, उलटून पालटून बघितला, नावं वाचली, शिक्के बघितले. जामिनाचा कागद दोनदा वाचला. मग सगळे होते तसेच घडीवर घडी करून पिशवीत घातले.

"बरोबर हाय सगळं," ते म्हणाले.

तेव्हा कुठं राहीबाई खाली बसली.