मागच्या सीटचं वजन

आमच्या गाडीला सगळे दुतोंडी म्हणतात, आणि त्यात चूक काहीच नाही. पुढून पाहा नाहीतर मागून, तोंड तेच. पुढे एक दार, मागे एक दार. मध्ये इंजिन, आणि त्याच्या दोन बाजूंना एकमेकींकडे पाठ करून ठेवलेल्या दोन सीटा. चालवणाऱ्याने पुढे बघायचं, दुसऱ्याने मागे. ज्याने कोणी ही गाडी काढली त्याचं घरी पटत नसावं. अशा मोजक्याच गाड्या निघाल्या आणि कारखाना बंद पडला. मला त्याचं जराही आश्चर्य वाटत नाही.

मागची सीट अर्थातच माझी. मागून येणारा प्रत्येक ट्रकवाला माझ्या समोरासमोर. सिग्नलला तर हातभर अंतरावर येऊन थांबतो आणि टक लावून बघतो. मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत राहते. इंजिन कानाशी एवढं धडधडतं की आमच्या ह्यांचं एक अक्षर ऐकू येत नाही. तरी हे वाटभर बोलत असतात. उत्तराची सवय त्यांना कधी लागलीच नाही.

मागच्या आठवड्यात जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळी घरी आली होती. कुणीतरी विचारलं, “वहिनींनाही गाड्यांचा नाद दिसतोय?” मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. हे म्हणाले, “छे हो! मागे वजन नसलं की ही गाडी डगमगते. म्हणून हिला नेतो.” हशा पिकला. मीसुद्धा हसले, कप वाटले, आत गेले आणि ओट्याशी नुसती उभी राहिले. कान गरम झाले होते. ह्या वयात, पाहुण्यांसमोर, पोत्याच्या जागी बसवलं मला.

आठवडाभर मी ताणून धरलं होतं. आज क्लबची रॅली. मी मनाशी पक्कं केलं होतं, मैदानावर पोचायच्या आत ह्यांनी माफी मागितली तर ठीक, नाहीतर त्या सीटवर मी पुन्हा बसायची नाही. मग गाडी डगमगो की उलटो.

वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो. मी वॉशरूमला जाऊन आले, तर गाडी नाही. आधी वाटलं, पलीकडे लावली असेल. पंपाला चक्कर मारून आले. नाही.

“काकू, काका तर गेले,” पंपावरची बाई म्हणाली.

“येतील. हवा भरायला गेलेत,” मी म्हणाले.

हवेचं मशीन माझ्या शेजारीच होतं. बाईने तिकडे बघायचं टाळलं, आणि तिच्या त्या समजूतदारपणानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने स्टूल आणून दिलं. ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बसवून मी ऑइलच्या डब्यांच्या रांगेशेजारी बसले. येणारा-जाणारा बघत होता. पर्स गाडीत, फोन पर्समध्ये. बाईने स्वतःचा फोन पुढे केला. ह्यांचा नंबर मला तोंडपाठ आहे, पण मी नको म्हणाले. नवरा विसरून गेलाय, हे फोनवर त्यालाच सांगायचं? आणि मला बघायचंच होतं, ह्यांना कधी कळतंय ते. थोड्या वेळाने वाटायला लागलं, बघायला नको होतं.

बऱ्याच वेळाने लांबवर गाडी दिसली. येतेय की जातेय, हे पटकन कळेना. जवळ आली तेव्हा कळलं.

हे आत वळले, इंजिन बंद केलं आणि उतरले. चेहरा साफ उतरलेला.

“अगं, मैदानावर माइकवर आपलं नाव पुकारलं. सगळे जमले. मी ऐटीत मागचं दार उघडलं, तर आत पेट्रोलचा कॅन आणि माझी हत्यारांची पेटी!”

“हसले?”

“सगळे.”

मी स्टुलावरून उठले.

“तू आलीस की पायाशी सरकवू म्हणून सामान सीटवर टेकवलं आणि दार लावलं. मग तू आहेसच असं धरून चाललो,” ते म्हणाले. “गाडी जरा जरी डगमगली असती ना, तरी मला लगेच कळलं असतं गं.”

बोलून गेले आणि तिथेच थांबले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. मान खाली गेली.

“वाटेत मी तुझी माफी मागितली होती,” ते पुटपुटले. “त्या दिवसाबद्दल. पाठ असली की बरं पडतं बोलायला.”

“मग कॅन काय म्हणाला?”

पंपावरची बाई घाईघाईने नोझल पुसायला लागली.

“बस ना. जाताना सांगतो पुन्हा.”

“मी बसत नाही.”

ते गाडीच्या मागे गेले. मग मागचं दार उघडलं, कॅन आणि पेटी खाली ठेवली आणि माझ्या सीटवर स्वतःच बसले, रस्त्याकडे तोंड करून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एक ट्रक वेग कमी करून गेला. ड्रायव्हरने ह्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि क्लीनरला कोपराने ढोसलं. ह्यांनी खिशात हात घालून काहीतरी शोधल्यासारखं केलं.

“इथून सगळे आपल्याकडेच बघतात गं,” ते म्हणाले.

“हो.”

मग त्यांनी माझ्याकडे मान वर करून माफी मागितली. बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. डोळे भरले होते त्यांचे. मला वाटलं होतं, बरं वाटेल. पण त्यांची लाज बघून माझीच मान खाली जायला लागली.

तरी मी त्यांना उठा म्हणाले नाही. आणखी दोन-चार ट्रक जाऊ दिले.