एकाच फुग्याला दोन डब्या

फुगे सोडून पोट भरणारी बाई म्हटलं की लोकांना बागेच्या फाटकाशी उभी असलेली कुणीतरी आठवते. माझा फुगा माणसाच्या उंचीचा असतो. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी तो हवामानखात्याच्या आवारातून वर जातो, आणि त्याच्या दोरीला एक पांढरी डबी बांधलेली असते. तिचं खरं नाव रेडिओसोंड, पण आम्ही डबीच म्हणतो. फुगा वर जाऊन फुटेपर्यंत ती डबी हवेचं तापमान, दाब, दमटपणा खाली कळवत राहते. केस काळे होते तेव्हापासून मी हे काम करते आहे, आणि माझी एकही वेळ चुकलेली नाही. वादळात फुगा हातातून निसटून फाटला तर दुसरा भरला, ताप आला तर तापात सोडला. याचा मला गर्व आहे. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. माझं चांगलं वीस-पंचवीस किलोमीटर वर आहे.

माझ्या स्वभावाबद्दल ऑफिसात जे बोललं जातं ते खरं आहे. मी नाकावर माशी बसू देत नाही. माझा मदतनीस इतका काडीसारखा आहे की सगळे त्याला पैलवान म्हणतात. माझा चेहरा बघितल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. अशा ऑफिसात माझ्या सख्ख्या भावाची मुलगी नोकरीला लागली. लहानपणी सारखी गच्चीवर, पत्र्यावर, पाण्याच्या टाकीवर चढलेली असायची, म्हणून तिचं घरातलं नाव खारूताई. आम्ही तिघं, मी, भाऊ आणि ती, एकाच घरात राहतो. पण ऑफिसात तिला ओळख म्हणून दाखवायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. 'आपला तो बाब्या' असं कुणी माझ्या पाठीमागे म्हटलेलं मला खपलं नसतं.

तिचं काम मला आधी मुळीच पटलं नव्हतं. ऑफिसच्या गच्चीवर एका खांबावर पालथ्या वाडग्यासारखी पांढरी अँटिना आहे. भूमापनवाल्यांनी ती जमीन मोजायला बसवली. फोनला रस्ता दाखवणारे जे उपग्रह, त्यांचेच सिग्नल ती पकडते. हे सिग्नल खाली येताना दमट हवेतून येतात आणि तिथे जरासे रेंगाळतात. भूमापनवाल्यांना ते रेंगाळणं म्हणजे नसती डोकेदुखी, म्हणून ते गणितातून वेगळं काढतात आणि फेकून देतात. खारूताई म्हणाली, फेकू नका, मला द्या. किती उशीर झाला हे कळलं की हवेत किती बाष्प आहे तेही काढता येतं. डोक्यावरच्या हवेतलं सगळं पाणी पिळून जमिनीवर ओतलं तर ते किती मिलिमीटर उभं राहील, तो आकडा ती दर थोड्या मिनिटांनी काढते. माझा फुगा दिवसातून दोनदा जाणार. मधल्या वेळात आकाश काय उद्योग करतं ते मला कळत नाही. चहा पिताना ती हे सगळं हातवारे करून सांगायची, आणि मी पेपर वाचत असल्याचं दाखवायचे. भाऊ शाळेत चित्रकला शिकवतो. तो आम्हा दोघींच्या मधे मिठाची गुळणी धरून बसायचा.

आमचे साहेब भले गृहस्थ आहेत, फक्त कुठे वाद दिसला की त्यांना दुसऱ्या खोलीतलं काम आठवतं. त्यांनी खारूताईला एका हंगामाची मुदत दिली होती. अँटिनाचा आकडा माझ्या फुग्याच्या आकड्याशी जुळला पाहिजे. जुळला तर तो रोजच्या अंदाजात आणि हवामानाच्या कायमच्या नोंदींत धरायचा, आणि तिची जागा पक्की. नाही जुळला तर अँटिना भूमापनवाल्यांची भूमापनवाल्यांना, आणि खारूताई घरी. म्हणजे परीक्षा तिची आणि परीक्षक मी. अर्धा गुणसुद्धा उगाच द्यायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. तशी वेळ आलीच नाही. आठवड्यामागून आठवडे आकडे जुळत गेले, फरक फार तर एखाद्या मिलिमीटरचा. मी घरी चकार शब्द काढला नाही. पैलवान मात्र सांगतो की त्या दिवसांत मी फुगा भरताना गुणगुणत असे. मला आठवत नाही.

मुदत संपत आली आणि आकडे फाटले. अँटिना म्हणाली सदतीस, फुगा म्हणाला एकतीस. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला तरी अंतर मिटेना. साहेबांनी बैठक बोलावली, निकाल लावून टाकू म्हणाले. अँटिनाचं काहीतरी बिघडलं आहे याबद्दल ऑफिसात कुणाचं दुमत नव्हतं. फुगा चुकेल हे कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं, माझ्या तर नाहीच. मला पोरीचं वाईट वाटत होतं. आणि मला वाईट वाटलं की त्याचा राग होतो, हा माझा जुना रोग आहे. त्या आठवड्यात पैलवानाने माझ्या खूप शिव्या खाल्ल्या.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी खारूताई फुग्याच्या शेडमध्ये आली. तिथे पैलवान होता, अंदाज विभागाची दोन माणसं उगाच चहा पीत उभी होती. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आत्या, अँटिना बरोबर आहे. तुझा फुगा चुकतोय."

चहा पिणारे चहा प्यायचे थांबले. पैलवानाने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग छताकडे. खरं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कानामागून आली आणि तिखट झाली, हेच पहिलं मनात आलं. पण ती मागे सरली नाही. तिने कागद पुढे केले आणि शांतपणे सांगायला लागली. आसपास भूमापनवाल्यांच्या आणखी दोन अँटिना आहेत. आमची बिघडली असती तर ती त्या दोघींपासूनही वेगळी पडली असती. पण त्या तिघी एकमेकींशी जुळतात. वेगळा पडला आहे तो एकटा फुगा. आणि तो वेगळा पडला त्याच दिवसापासून, ज्या दिवशी मी डब्यांचं नवीन खोकं उघडलं. या खोक्यातल्या डब्यांना हवेतला ओलावा कमी कळत असेल तर सगळ्याचा उलगडा होतो, असं तिचं म्हणणं.

मी म्हटलं, "असेल तर! आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं."

अंदाज विभागवाले हसले. ती हसली नाही. म्हणाली, "मग तपासून बघ. तू म्हणशील तसं."

मी म्हणेन तसं! आता हे असं बोलल्यावर माझ्यासारख्या बाईने काय करायचं? मी प्रत्येक खोक्यातल्या दोन डब्या अडीअडचणीला म्हणून कपाटात काढून ठेवते. जुन्या खोक्यातली एक डबी मी काढली, नव्यातली एक घेतली, आणि पैलवानाला लांब बांबूची काठी आणायला सांगितलं. काठीच्या एका टोकाला जुनी डबी, दुसऱ्याला नवी, आणि मधोमध फुग्याची दोरी. फुगा एक, हवा तीच, वेळ तीच. दोघींचे आकडे एक आले म्हणजे खोक्यात खोट नाही आणि पोरीने आपला गाशा गुंडाळावा. तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी हे केलं, उगाच मोठेपणा कशाला घेऊ? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ओझं दुप्पट, म्हणून गॅस जास्त भरला. ठरलेल्या वेळेबाहेर मी आजवर एकही फुगा सोडला नव्हता. भर दुपारी आवारात सगळं ऑफिस जमलं. साहेबही दुसऱ्या खोलीतलं काम सोडून खिडकीत आले. पैलवानाने काठी आडवी धरली, मी मान उचलून वारा बघितला आणि हात सोडला. काठी दोनदा गरगरली, सरळ झाली, आणि दोन्ही डब्या जोडीने वर निघाल्या.

हवेतलं बहुतेक पाणी खालच्या काही किलोमीटरांतच असतं, म्हणून निकालाला फार वेळ लागत नाही. अर्ध्या तासात पडद्यावर दोन रेघा उमटल्या होत्या. जमिनीलगतच त्या अलग झाल्या आणि वर जाईपर्यंत अलगच राहिल्या. जुनी डबी म्हणाली अडतीस मिलिमीटर. नवी म्हणाली बत्तीस. मी खारूताईकडे न बघता विचारलं, गच्चीवर किती? ती हळूच म्हणाली, सदतीस.

मी पुन्हा एकदा दोन्ही रेघा वरपासून खालपर्यंत बघितल्या. कुठे काही सापडेना. एकाच हवेत शेजारी शेजारी गेलेल्या दोन डब्या, एकीला ओल दिसते आणि एकीला दिसत नाही. आणि ही गोष्ट इतक्या वर्षांचा हात बसलेल्या मला कळली नव्हती. ज्या पट्टीने जग मोजायचं ती पट्टीच आखूड निघाली होती, आणि ते खारूताईने ओळखलं होतं, गच्चीवरच्या वाडग्यावरून, भूमापनवाल्यांनी टाकून दिलेल्या उष्ट्यावरून. मला तिथल्या तिथे तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण मी म्हणाले, काठी जपून बांधली होती का रे पैलवाना.

मला वाटलं, आता ही नाचेल. लहानपणी टाकीवर चढली की नाचायची. पण तिने विचारलं, की आत्या, या खोक्यातल्या किती डब्या सोडून झाल्या? तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला काय दिसतंय. डब्या खोट्या तर त्यांच्या नोंदीही खोट्या. त्या सगळ्या कायमच्या नोंदींतून काढून टाकाव्या लागणार, आणि माझं इतक्या वर्षांचं न तुटलेलं काम पहिल्यांदा तुटणार.

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी आपल्या स्वभावाप्रमाणे मधला मार्ग काढला. उरलेलं खोकं बाजूला ठेवू, मागच्या नोंदींना हात लावायला नको, बाईंच्या कामाला उगाच डाग कशाला. आणि अँटिनाला आणखी एक हंगाम देऊ, मग बघू. म्हणजे अँटिनाने फुग्याची चूक पकडली, हे कुठेच लिहिलं जाणार नव्हतं. जिची परीक्षा पूर्ण झाली होती तिला पुन्हा त्याच वर्गात बसवायचं, आणि ते माझी अब्रू झाकायला. मी खारूताईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. मग मान खाली घालून म्हणाली, "चालेल, साहेब. फरकाची दुसरीही कारणं असू शकतील."

माझा संयम तिथे संपला. दुसरी कारणं कसली? ती पोरगी माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि तेही वाईट बोलत होती. त्या नोंदी तशाच राहिल्या असत्या, तर पुढे कधीतरी कुणी आलेख काढून म्हणालं असतं की या साली इथली हवा कोरडी पडली होती. पडली नव्हती. माझ्या सहीने ते खोटं मी गेल्यावरही तिथे बसून राहिलं असतं.

मी म्हणाले, "काल शेडमध्ये चार माणसांसमोर माझ्या तोंडावर जे म्हणालीस, तेच इथे म्हण."

"आत्या, जाऊ दे ना."

"म्हण."

ती उभी राहिली. "आत्याचा फुगा चुकत होता. अँटिना बरोबर होती. त्या खोक्यातल्या डब्यांच्या सगळ्या नोंदी रद्द करायला हव्यात." आणि मग तिने कारणं सांगितली, एकेक करून, तिन्ही अँटिनांचे आकडे, खोकं उघडल्याची तारीख, काठीवरच्या दोन डब्या.

साहेबांनी मला विचारलं, "बाई, तुम्हाला हे मान्य आहे?"

मी म्हटलं मान्य आहे. आणि यापुढे नवं खोकं उघडलं की माझी डबी आधी हिच्या आकड्याशी ताडून बघायची. जुळली नाही तर खोकं परत. साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि अँटिना कायमची धरली असं लिहायला सांगितलं. नोंदी रद्द करायच्या कागदावर मी तिथेच सही केली.

त्या खोलीत आजवर माझी चूक काढायची कुणाची छाती झाली नव्हती. आता ती काढली होती आमच्याच घरातल्या मुलीने, आवाज न चढवता, पुरावा हातात घेऊन. मी आयुष्यात इतके फुगे वर पाठवले, पण त्या दिवशीइतकी माझी मान कधी उंच झाली नव्हती. मी ताठ बसले आणि टेबलाभोवतीच्या एकेका चेहऱ्याकडे बघून घेतलं.

"ही माझी भाची," मी सगळ्यांना सांगितलं, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.