पॅचवरचं नाव

श्रद्धाच्या घरात नावाचं दुखणं जुनं होतं. तिचे वडील किसनराव कारखान्यात होते तेव्हा त्यांनी सुचवलं होतं, की साच्यातून पडणारे भाग लोखंडी पेटीत आदळण्यापेक्षा लाकडी घसरगुंडीवरून सोडा. ओरखडे थांबले, बक्षीस जाहीर झालं आणि बोर्डावर फोटो लागला तो सुपरवायझर दादासाहेबांचा. दादासाहेब रिटायर होऊन आजोबासुद्धा झाले, तरी ते डांगे चौकात समोरून दिसले की किसनराव अजून रस्ता ओलांडतात. तिथलं ट्रॅफिक पाहता हा राग जिवावरचाच म्हणायचा.

त्यामुळे तळवड्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत आपलंही तेच होतंय हे कळल्यावर श्रद्धाचं डोकं फिरलं नसतं तरच नवल. चाकणच्या एका प्लँटमध्ये गाड्यांचे आरसे बनत. डाव्या आरशाच्या खोक्यावर डावं लेबल, उजव्याच्या खोक्यावर उजवं, हे बघणारा प्रोग्राम तिचा. प्लँटमधल्या लाइनवरचे कॉम्प्युटर बाहेरच्या नेटला जोडलेले नव्हते. म्हणून ती दुरुस्ती पॅच करून रविराजला मेलने पाठवी. पॅच म्हणजे कुठली ओळ काढायची आणि कुठली घालायची हे सांगणारी छोटीशी फाइल. हा रविराज तिच्याच कंपनीचा, अजून पर्मनंट न झालेला, चाकणला बसायचा. तो पेन ड्राइव्हवरून ती फाइल आत नेऊन कमांड द्यायचा.

कोणी काय बदललं याचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’च्या कमांड दोन होत्या. ‘गिट एएम’ दिली की पॅच लिहिणाऱ्याच्या नावासकट बसतो. ‘गिट अप्लाय’ दिली की नुसता मजकूर बदलतो आणि मग नोंद करणाऱ्याचं नाव लागतं. रविराज इमानेइतबारे अप्लाय द्यायचा.

“एएमनं एरर येतोय ओ मॅडम,” तो फोनवर सांगायचा.

“काय एरर येतो?”

“ते आता ध्यानात न्हाई बगा.”

प्लँट मॅनेजर थोपटे दर ऑनलाइन मीटिंगला म्हणत, “आमचा रविराज म्हणजे हिरा आहे. सांगितलं की दुसऱ्या दिवशी दुरुस्त.” श्रद्धा तळवड्यात स्क्रीनसमोर माइक बंद करून हिऱ्याचा उद्धार करायची.

मग एक दिवस आरशांचा अख्खा ट्रक परत आला. डाव्या खोक्यांवर उजवी लेबलं होती. श्रद्धाला तातडीने चाकणला बोलावलं. थोपट्यांच्या केबिनमध्ये प्रोग्रामचा इतिहास उघडला होता आणि चुकीच्या ओळीशेजारी ठसठशीत नाव होतं रविराजचं.

ओळ तिनं पाहताक्षणी ओळखली. तिचीच होती. मावसबहिणीच्या साखरपुड्याला निघायच्या घाईत तिनं तो पॅच पाठवला होता. शिफ्ट बदलली की डावं-उजवं उलटं होत होतं.

थोपटे रविराजला सगळ्यांदेखत फैलावर घेत होते आणि रविराज बुटांकडे बघत होता. त्याला तो मेल आठवत असणारच. हे माझं नाही, एवढं म्हटलं की तो सुटला असता. पण हे माझं नाही म्हटलं, तर आजवरचं तरी कुठं त्याचं होतं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

वर्षभर जे नाव लागावं म्हणून श्रद्धा भांडली, ते आता फुकट मिळत होतं. हात पुढे करायचा अवकाश.

“सर, तो बदल खरं तर...”

“मॅडम, तुम्ही त्याला पाठीशी घालू नका,” थोपटे म्हणाले. “तुमचा स्वभाव चांगला आहे, दिसतंय ते. पण सिस्टीममध्ये नाव याचं आहे ना?”

अजून एक वाक्य बोलायला हवं होतं. श्रद्धाने ग्लास उचलला आणि ती पाणी प्यायली. तिला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हायसं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीआधी तिने दुरुस्ती लिहून दिली. यापुढे ज्याचं काम त्याचंच नाव दिसलं पाहिजे, असा थोपट्यांचा हुकूम होता, म्हणून रविराजने सगळ्यांसमोर ‘गिट एएम’ टाइप केलं. कसलाही एरर आला नाही. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं.

आता इतिहासात लिहिलं गेलं, की रविराजने बिघडवलं आणि श्रद्धाने सावरलं. त्याचं पर्मनंट होणं लांबलं. हिचा फोटो तळवड्याच्या ऑफिसात बोर्डावर लागला.

घरी थेरगावात त्या फोटोची बातमी किसनरावांनी गल्लीभर केली. “शेवटी ज्याचं काम त्याचंच नाव लागलं,” असं ते ज्याला त्याला सांगत होते. श्रद्धाने एकदा “पप्पा, तसं नाही ते,” म्हणून सुरुवात केली. त्यांना तो विनय वाटला.

रविवारी दोघं भाजीला निघाली. डांगे चौकात समोरून दादासाहेब येत होते. श्रद्धाने सवयीने वडिलांचा दंड धरला. किसनराव मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, फोटो मोठा केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दादासाहेबांना हाक मारली.

“या ना, दादासाहेब. ही बघा आमची पोरगी,” म्हणत त्यांनी बाजूला हात केला.

श्रद्धा तोवर रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती.