लाल रेघांची यादी

“रंगनाथभाऊ, साहेब भाषणाला उभे राहिले, पण टेबलावर आहे काय? मासा नि पापडासारखी ती भाकरी!” मदतनीस फजल स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून बघत म्हणाला.

रंगनाथच्या हातातला झारा थांबला. “यादीत तेवढंच राहिलं होतं ना?”

आखातातल्या अल दुहैलमधल्या नॉर्वेच्या कंपनीच्या मेसमध्ये रंगनाथ अकरा वर्षं स्वयंपाकी. मेसचा रिवाज साधा. यादीतल्या ज्या नावाला लाल पेन लागलं, तो पदार्थ बाद. विचारत बसायचं नाही. आज कंपनीच्या हाल्वर साहेबांचा निरोप समारंभ. यादी त्यांनी स्वतः लिहून दिली होती आणि पाचांतल्या तीन नावांखाली लाल रेघा होत्या. त्यांत लापस्कौसही. मटण-बटाट्याचा हा दाट रस्सा साहेबांची बायको करायची. ती गेल्यावर त्यांनीच तो रंगनाथला शिकवला. रंगनाथ मटण चाखत नसे, म्हणून दर गुरुवारी साहेब आत येऊन लाकडी चमच्याने मीठ बघत. ‘निरोपाला लापस्कौस करीन,’ असा त्याने शब्द दिला होता. पण रेघ पाहून त्याला वाटलं, साहेबांना आता ती आठवण नको असेल.

बाहेर साहेब सांगत होते, “लापस्कौस खलाशांनी इंग्रजांकडून आणला, फ्रिकासेचा पांढरा रस्सा फ्रेंचांकडून, सूप जर्मनांकडून. नावं उसनी, पण आमच्या आयांनी ती आपली केली. म्हणून यादीत त्यांच्याखाली मी लाल रेघ ओढली. आता चाखून...” टेबलाकडे बघून ते थांबले.

रंगनाथ गावच्या देवळातल्या कीर्तनात वाढलेला. पूर्वरंग रंगावा, श्रोत्यांनी आख्यानासाठी सरसावून बसावं आणि बुवांचीच वाचा बसावी, तसं झालं.

“उसनं काढलं की आमच्याकडे एवढंच उरतं,” साहेब हसून म्हणाले. सगळे हसले. रंगनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्याने लापस्कौसचं मटण चढवलं.

“सहाला गाडी आहे त्यांची,” फजल कुरकुरला. “ऑस्लोच्या हॉस्पिटलात जातोय माणूस. परत काय येत नाय. खलास!”

“तू बटाटे सोल.”

पावणेसहाला हाल्वर साहेब कोट घालून दारात उभे. रंगनाथने हात जोडले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “चूक माझी, साहेब. विचारायला हवं होतं.”

“मीही सांगायला हवं होतं.”

साहेबांनी खुंटीवरचा लाकडी चमचा काढला, फुंकर घालून रस्सा चाखला. मटण अजून वातड होतं.

“मीठ बरोबर आहे.”

बाहेर हॉर्न वाजला. गाडी फाटकाबाहेर गेली, तसा फजलने शेगडी बंद करायला हात पुढे केला.

“राहू दे. शिजू दे.”

“खाणार कोण, भाऊ?”

आरती झाल्याशिवाय कीर्तनातून उठायचं नाही, असं वडिलांनी रंगनाथला लहानपणी शिकवलं होतं. त्याने आच बारीक केली, स्टूल ओढलं आणि तो पातेल्याशेजारी बसून राहिला.