तंबूचा रंग

सहदेवराव मानकरांनी लेकीला तोंडानं कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला छाती लागते, आणि आकांक्षापुढं ती त्यांना नव्हती. सव्वीस वर्षांची पोरगी, अमरावतीत एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी, स्वतःच्या पगारातून घेतलेली मोटरसायकल. दिवाळीनंतर एकटीनं मेघालय-अरुणाचल फिरून यायचं तिनं जाहीर केलं, तेव्हा सहदेवरावांना दोन दिवस भाकर गोड लागली नाही. पण माणूस मोठा बिलंदर. म्हणाले, जाय, पन तंबू मी पसंत करीन. मले पटला त जाशीन, नाई पटला त नाई.

मग काय विचारता! जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एक तंबू त्यांना पटेल तर शपथ. एकाचं कापड पातळ. एक मजबूत, तर वजनाला जड. हलका दाखवला, तर वाऱ्यात उडेल. खुंट्या न ठोकता आपोआप उभा राहणारा दाखवला, तर म्हणाले, जो आपोआप उभा राह्यते तो आपोआप पडन बी. दर्यापुरात ओट्यावर बसून हा शेतकरी माणूस मोबाइलवर तंबूचे व्हिडिओ बघायचा आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी तेवढ्या शोधून वाचायचा. नवऱ्याची चाल रुख्मिणीबाईंना पहिल्याच आठवड्यात समजली होती. आकांक्षालाही समजली होती. पण पोरगी बापाच्या वरताण. न चिडता पुढचा तंबू दाखवायची.

शेवटी असा एक निघाला की त्यात खोट काढायला जागाच नव्हती. अडीच किलोचा, मागच्या सीटवर आडवा बांधता येणारा, दोन पदरी, बूट-सामान ठेवायला पुढं पडवी. फक्त रंग दोन होते, हिरवा आणि नारिंगी. आकांक्षानं दोन्ही मागवले आणि घेऊन घरी आली. एक ठेवायचा, एक परत. परत करायची मुदत उद्यापर्यंत होती.

तिला नारिंगी हवा होता. डोंगरात घसरून पाय मोडला, तर शोधणाऱ्यांना दुरून दिसतो, असं तिचं म्हणणं. सहदेवरावांनी ते ऐकलं आणि त्यांच्या मनात भलतंच आलं. शोधणाऱ्याला दिसतो, तर बाकीच्यांना नाही का दिसत? थंडीला त्यांनी कानटोपी शोधून ठेवली होती, पावसाला दोन पदर होते. पण अनोळखी मुलखात, अंधारात एकटी पोरगी झोपली आहे हे कोणा हरामखोराला दुरूनच कळलं, तर त्याला औषध काय? मन चिंती ते वैरी न चिंती. जे मनात यायचं ते त्यांना रुख्मिणीबाईंनाही सांगवेना. ते एवढंच म्हणाले, नारिंगी नापास.

"अन् हिरवा?" आकांक्षानं विचारलं.

हिरव्याची परीक्षा घेऊ, असं ठरलं. तिनं तो बापाच्या शेतात कुठंही लावायचा आणि आत बसायचं. त्यांनी शोधायचा. सापडला तर तोही नापास. मोबाइल वाजून ठिकाण कळेल म्हणून तो बापाजवळ द्यायचा. आणि ते कापडाला हात लावत नाहीत तोवर नावानं हाक मारली तरी ओ द्यायची नाही, कारण नाव काय, कोणालाही समजतं. सगळ्या अटी सहदेवरावांच्याच. सहा एकराचं रान, चाळीस वर्षं तुडवलेलं. ते मनातल्या मनात खूश होते. दहा मिनिटांत सापडेल, दोन्ही परत जातील, पोरगी घरी राहील.

कासराभर दिवस राहिला असताना ते शेतात शिरले. कपाशीच्या ओळींमधल्या तासांत तूर डोक्याच्या वर गेलेली. चोरासारखे दबकत, पाचोळा वाजू न देता ते निघाले. वाईट माणूस कसा येईल तसंच यायचं, असा त्यांचा हिशेब. शेताच्या बांधाचा वरचा धुरा पाहिला, बाभळीखाली पाहिलं, नाल्याची कड पाहिली. तंबू नाही. पुन्हा उलटे फिरले. अर्धा तास गेला. आधी त्यांना राग आला, मग नवल वाटलं, मग पाचोळ्याचं भान सुटलं.

कापूस वेचणाऱ्या बाया केव्हाच गावाकडं गेल्या होत्या. शेजारचा पुंजाराम बैल सोडून घरी निघाला होता. त्याला विचारलं, तर त्यानं कोणालाच पाहिलं नव्हतं. वर म्हणाला, सांज होऊन राहिली, डुकरं निंगतात आता, पोरीले काहाले आनलं इकडे? आणि गेला निघून. गेल्या साली याच शिवारात रानडुकरानं एका मजुराची मांडी फाडली होती. 

मग ते हाका मारायला लागले. ओ द्यायची नाही हे आपणच बजावलं होतं, ते त्यांना आठवलंही नाही. तुरीत कुठं काही सळसळलं की तिकडं धावायचे. डुकरानं... सापानं... आणि एकदम त्यांना विहीर आठवली. कठडा नसलेली, वापरात नसलेली, धुऱ्याच्या कोपऱ्यातली विहीर. ते कसे पळाले त्यांचं त्यांना माहीत. काठावर पालथं पडून त्यांनी आत पाहिलं. पाणी काळं आणि निवांत होतं. काही दिसत नव्हतं, आणि त्यामुळं जास्तच भीती वाटत होती. साठीचा माणूस तिथंच बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

"माय वं, कुठी हायस तू..."

पाठीमागं झिप उघडल्याचा आवाज आला. दहा पावलांवर, तुरीच्या तासाआड, पळसाच्या झुडपाला टेकून तंबू होता. त्या तासाच्या पलीकडून ते तीनदा गेले होते. आकांक्षा बाहेर आली. तिच्या हातात गाडीचा मोठा पाना होता.

सहदेवरावांनी आधी तिला नखशिखांत पाहिलं. मग पान्याकडं बोट केलं. "हे काहाले?"

तिनं पाना खाली ठेवला. मग म्हणाली, "मले माईत होतं तुमीच हा. तरी भेव लागलं बाबा. आतून काईच दिसत नाई. हाका माराच्या आंधी नुसती पावलं येतात, थांबतात, जातात. बाप हाय का कोन हाय, काय समजते? मी हालले बी नाई."

पाच महिन्यांत ती पहिल्यांदा म्हणाली होती, भेव लागलं. सहदेवराव याच शब्दाची वाट पाहत होते. आता नुसतं म्हणायचं, मंग कशाले जातं, राह्य घरी. पोरगी या घडीला ऐकली असती. शब्द ओठावर आला होता.

ते उठले, डोळे पुसले, आणि गुडघ्यांवर रांगत त्या तंबूत शिरले. आतून झिप लावली.

"चाल जरा बाहीर," ते म्हणाले. "बोलू नोको. नुसती फीर."

ती फिरली. आपलं रान, आपली माती, बाहेर आपलीच लेक. तरी पावलं जवळ आली तसा सहदेवरावांनी श्वास धरला. पावलं डोक्यामागं थांबली, तेव्हा त्यांना उठून पळावंसं वाटलं, आणि पळायला जागा नव्हती. बाहेरचा माणूस आपल्याला पाहतो आहे की नाही एवढंसुद्धा कळत नव्हतं. अख्खा जन्म त्यांनी पोरीसाठी अशीच जागा शोधली होती, जिथं ती कोणाला दिसणार नाही.

बाहेर आले तेव्हा अंधारून आलं होतं. दोघांनी मिळून तंबू गुंडाळला. पिशवीत कोंबताना ते खाली मानेनंच बोलले.

"हा धाडून दे वापस. नारिंगी ने. अन् आडवाटेले लावू नोको. गाव पाहून, चार घरातल्या बायाईले सांगून, सगळ्याईच्या नजरेत लाव. मी आली म्हनून सांग. कोन्त्या तरी घरची माय उठून एकडाव पाहीन."

"म्हंजे जाऊ?" तिनं विचारलं.

भीती काही कमी झाली नव्हती. उलट आता ती कशी असते ते त्यांना आतून समजलं होतं.

"तुले बी भेव लागते, हे मले माईत नव्हतं," सहदेवराव म्हणाले. "भेव हाय त जपून राह्यशीन. जाय."