चुकलं ते

विंडलॉ या खाणीच्या गावातल्या स्थानिक इतिहास मंडळाचा एक नियम होता. तो कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता, तरी सगळे तो पाळायचे. मंडळाने पुस्तक काढलं की त्याचं शेवटचं पान ‘चुकलं ते’ या मथळ्याखाली जायचं. आधीच्या पुस्तकांत, भाषणांत, फोटोंच्या खाली जे काही चुकीचं सांगितलं गेलं असेल, ते तिथे बारीक टायपात कबूल करायचं. मंडळ स्थापणाऱ्या पाद्रीबुवांनी हे लावून दिलं होतं, आणि ते जाऊन पंधरा वर्षं झाली तरी कोणाची मोडायची छाती नव्हती. गावातले लोक पुस्तक हातात आलं की उलटं धरायचे आणि आधी तेच पान वाचायचे. शेजाऱ्याची फजिती झालेली वाचण्यात जी मजा असते, ती दोनशे वर्षांच्या इतिहासात कुठून येणार?

ऑड्री टली या मंडळाची चिटणीस. वय चौसष्ट. एकतीस वर्षं तिने कपड्यांच्या कारखान्यात पुरुषांच्या वेस्टकोटांना बटणांची काजं केली होती. कारखाना बंद पडला, नवरा गेला, आणि घरातली मागची खोली मंडळाच्या खोक्यांनी भरून गेली. तिचं म्हणणं असं, की माणसं मरतात ते ठीक आहे, पण त्यांची नावं तरी नीट लागलेली असावीत.

तिच्याच हातून ही चूक झाली होती, आणि ती तिला फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी सापडली.

सहा वर्षांपूर्वी जुन्या फोटोवाल्याच्या माळ्यावर मंडळाला एक काचेची प्लेट मिळाली होती. १९११ सालची. खाणीच्या तोंडाशी नऊ खाणकामगार एका ओळीत उभे. सोबतच्या पाकिटावर फोटोवाल्याच्या सुबक अक्षरात नऊ नावं, ‘डावीकडून उजवीकडे’. तिसरं नाव रॉबर्ट गोलंड. ते नाव ऑड्रीने लगेच ओळखलं होतं. हा फोटो काढल्यावर तीन आठवड्यांनी खाणीचं छत कोसळलं आणि सहाजण गाडले गेले. रॉबर्ट त्यांतला एक. त्यानंतर पाच महिन्यांनी त्याची मुलगी जन्माला आली. ती थर्झा गोलंड, गावाच्या वृद्धाश्रमात राहणारी. ऐंशी वर्षं झाली तरी तिने बापाचा चेहरा पाहिलेला नव्हता. घरात फोटो असा कधी नव्हताच.

ऑड्रीने शहरातल्या दुकानात प्लेट छापून घेतली, डावीकडून तिसरा माणूस मोठा करवला, चौकटीत बसवला आणि थर्झाच्या मांडीवर नेऊन ठेवला. थर्झाने चौकट उचलून डोळ्यांजवळ धरली. मग म्हणाली, “बाई गं, हा तर पोरगा आहे. माझ्याहून पन्नास-साठ वर्षांनी लहान.”

“हनुवटी बघा, आंट थर्झा,” ऑड्री म्हणाली होती. “अगदी तुमची.”

त्या दिवसापासून तो फोटो थर्झाच्या खिडकीत होता. सकाळी ती त्याचं तोंड खाणीच्या टेकाडाकडे फिरवायची, दुपारी खोलीकडे. जेवण खारट होतं, आश्रमात काम करणाऱ्या लिंडाने चादर बदलली नाही, गावातल्या मिस्टर पोपच्या बागेतल्या लीकच्या भाजीला यंदा बक्षीस मिळालं, सगळं त्याला सांगायची. लग्न न केलेल्या, आईच्या मागे एकटीने आयुष्य काढलेल्या बाईला म्हातारपणी बाप मिळाला, असं गाव कौतुकाने म्हणायचं. ऑड्रीला त्या कौतुकातला आपला वाटा गोड लागायचा. का लागू नये? मंडळात तिने आयुष्यात एवढी एकच गोष्ट अशी केली होती, जिच्यामुळे कोणी रडलं होतं.

तर त्या फेब्रुवारीत ‘विंडलॉची खाण’ या नव्या पुस्तकासाठी ती तोच फोटो भिंगाखाली बघत होती आणि तिची नजर बटणांवर गेली. पुरुषांच्या वेस्टकोटाची डावी बाजू उजवीवर येते. एकतीस वर्षं तिने तेच शिवलं होतं. इथे उजवी बाजू डावीवर होती. एकाची नाही, नऊच्या नऊ जणांची, सगळ्यांनी बायकांसारखी बटणं लावलेली. आधी तिला हसू आलं. मग लक्षात आलं.

दुकानवाल्याने काच उलट्या बाजूने छापली होती. आरशात दिसतं तसा सगळा फोटो उलटा होता. डावीकडून तिसरा म्हणून जो माणूस तिने थर्झाला दिला, तो खरा उजवीकडून तिसरा. तिने पाकीट काढलं आणि शेवटून मोजलं. मॅथ्यू स्टोबार्ट.

विंडलॉमध्ये हे नाव कोणाला सांगावं लागत नाही. स्टोबार्ट त्या पाळीचा मुकादम होता. छताला टेकू कमी आहेत असं माणसं सांगत असताना त्याने ‘काही होत नाही’ म्हणून त्यांना आत धाडलं आणि स्वतः बाहेर राहिला. चौकशीत सुटला, वर्षभरात गाव सोडून गेला. थर्झाची आई त्याचं नाव निघालं की उठून चुलीत थुंकायची. थर्झानेच एकदा हे हसत हसत सांगितलं होतं. “मला वाटायचं, स्टोबार्ट म्हणजे विस्तवाचंच नाव आहे.”

आणि सहा वर्षं ती त्याच्याशी बोलत होती.

ऑड्रीने अध्यक्षांना सांगितलं. नॉर्मन हेपल, शाळेत भूगोल शिकवायचे, निवृत्त होऊनही अजून सगळ्यांना पाचवीतलेच समजायचे. त्यांनी चष्मा पुसला, बटणं पाहिली, पुन्हा पुसला.

“पुस्तकात फोटो सुलटा जाईल,” ते म्हणाले. “आणि मागच्या पानावर दुरुस्ती जाईल. ते काही टळत नाही.”

“ते मी कुठे टाळा म्हणतेय?”

“मग तिला आधी सांगायला हवं. तू दिलास, तूच सांग. सप्टेंबरपर्यंत वेळ आहे.”

वेळ नव्हता, आणि ते ऑड्रीला ठाऊक होतं. थर्झाचे डोळे जात होते. कडेकडेचं दिसायचं, मधलं पुसट होत चाललं होतं. सकाळच्या उजेडात, खिडकीशी, मोठं भिंग धरलं तर अजून माणसाचा चेहरा ओळखू यायचा. डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळा संपेपर्यंत तेही जाईल.

ऑड्री पुढच्याच गुरुवारी खरा फोटो पिशवीत घालून वृद्धाश्रमात गेली. डावीकडून तिसरा, या खेपेला खरोखरचा तिसरा. अरुंद चेहरा, बारीक मिशी, टोपी मागे सरकलेली, कान बाहेर आलेले, शेजारच्याच्या खांद्यावर हात. थर्झा भिंग घेऊन जुन्या फोटोशी बसली होती.

“ये पोरी. आज मला मिशी दिसतेय. काल नुसताच डाग होता. बाबांना म्हटलं, तुम्ही दाढी केलीत की काय.”

ऑड्री समोर बसली. तिने चहा घेतला, बिस्किटं खाल्ली आणि पिशवी तशीच घेऊन परत आली.

असे मार्चमधले गुरुवार गेले, एप्रिलमधले गेले. दर वेळी ती घरून ठरवून निघायची. एकदा थर्झाला सर्दी होती, एकदा वाढदिवस होता, एकदा ती इतकी खुशीत होती की सांगणं पाप वाटलं, आणि एकदा इतकी उदास होती की तेही पापच वाटलं. सांगायला योग्य दिवस असा काही नसतोच, हे कळायला ऑड्रीला खूप वेळ लागला. खरं तर कळलं लवकर, मान्य करायला वेळ लागला. आपण तिला जपतोय असं ती स्वतःला समजावत होती. जपत होती ती स्वतःलाच. थर्झाच्या तोंडावरचा तो आनंद आपण दिलेला होता, आणि तो आपल्याच हाताने परत घ्यायची तिची तयारी नव्हती.

जूनमध्ये चॅपलच्या पायऱ्यांवर नॉर्मननी विचारलं, “सांगितलंस ना गं तिला?”

“हो,” ऑड्री म्हणाली. “झालं बोलून.”

“काय म्हणाली?”

“समजूतदार आहे ती.”

पुस्तक छपाईला गेलं. जुलैच्या शेवटी थर्झाने भिंग ड्रॉवरमध्ये टाकलं. “आता उगाच त्याचं ओझं कशाला,” ती म्हणाली. “बाबांचा चेहरा मला पाठ आहे.”

मंडळाची आणखी एक रीत होती. नव्या पुस्तकाची पहिली प्रत गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला द्यायची, आणि ते सांगतील ते पान अध्यक्षांनी सगळ्यांसमोर वाचायचं. तीन वर्षांपासून तो मान थर्झाचा होता. ऑड्रीने शेवटच्या आठवड्यात तीनदा जाऊन पाहिलं. तिन्ही वेळा लिंडा खोलीत होती, किंवा थर्झा झोपली होती, किंवा तसं काही नव्हतं आणि तरीही ऑड्री न सांगताच परतली.

सप्टेंबरातल्या शनिवारी चॅपलच्या हॉलमध्ये साठेक माणसं जमली. टेबलांवर हॅम घातलेले पाव, मोठ्या पिंपात चहा. थर्झाला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. अंगात निळा कोट, मांडीवर ती चौकट. खाणीचं पुस्तक म्हणून बाबांनाही आणलंय, असं ती भेटेल त्याला सांगत होती. नॉर्मननी प्रत तिच्या हातात दिली, टाळ्या झाल्या.

“कुठलं पान वाचू, मिस गोलंड?”

“मागचं,” थर्झा म्हणाली. “तुम्ही मंडळी काय काय चुकलात ते ऐकल्याशिवाय माझा बाकीच्यावर विश्वास बसत नाही.”

हॉल हसला. ऑड्री चहाच्या पिंपाशी उभी होती. तिथून खुर्चीपर्यंत वीस पावलं. तिने एकही टाकलं नाही. नॉर्मन तिच्याकडे बघून मान हलवून हसले, म्हणजे थर्झाला माहीतच आहे, बघा किती धीराची बाई आहे. आणि वाचू लागले. चॅपलच्या घंटेचं वजन चुकलं होतं. एका दुकानदाराचं जन्मसाल चुकलं होतं. मग तिसरी दुरुस्ती.

“१९११ च्या खाणकामगारांचा फोटो मंडळाने पूर्वी उलटा छापून दिला होता. त्यामुळे रॉबर्ट गोलंड म्हणून दाखवलेली व्यक्ती प्रत्यक्षात मॅथ्यू स्टोबार्ट आहे. मंडळ दिलगीर आहे.”

पुढची दुरुस्ती वाचायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. थर्झाचा चेहरा त्यांना दिसला होता. तिने मांडीवरची चौकट दोन्ही हातांनी उचलली आणि धरून ठेवली, कोणीतरी ती घेईल म्हणून वाट बघत. बराच वेळ कोणी पुढे झालं नाही. शेवटी लिंडाने घेतली.

गुरुवारी ऑड्री वृद्धाश्रमात गेली. खिडकीची फळी रिकामी होती.

“बस,” थर्झा म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि ‘पोरी’ही नव्हतं. “तुला कधी कळलं?”

“फेब्रुवारीत.”

“फेब्रुवारीत मला दिसत होतं.”

“हो.”

“म्हणजे मी भिंग घेऊन त्या मेल्याची मिशी बघत होते, तेव्हा माझा बाप तुझ्या पिशवीत होता.”

ऑड्रीने हो म्हटलं. तिने खरा फोटो काढून थर्झाच्या हातात दिला. थर्झाने तो डोळ्यांसमोर धरला, बाजूला नेला, मान तिरपी करून कडेने बघायचा प्रयत्न केला. मग खाली ठेवला.

“सांग, कसा आहे.”

ऑड्री सांगू लागली. गेल्या सात महिन्यांत तिने तो चेहरा इतका पाहिला होता की डोळे मिटूनही सांगितला असता. चेहरा अरुंद, मिशी बारीक. हसायच्या बेतात आहे. टोपी मागे ढकललेली, कपाळावर कोळशाचा पट्टा. शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात. “आणि कान बाहेर आलेले आहेत, आंट थर्झा. अगदी तुमच्यासारखे.”

“हनुवटीही माझ्यासारखी होती,” थर्झा म्हणाली. “तूच म्हणाली होतीस.”

“हे खरं आहे. शपथेवर सांगते, कान खरंच...”

“असतील. मला कसं कळायचं?” तिने चाचपून घंटीचं बटण दाबलं. “लिंडाला सांगू दे. तिला माझं काही चांगलं व्हावं असं वाटत नाही, ती खरं सांगेल.”

लिंडा हात पुसत आली, दुपारच्या चहाच्या गडबडीत होती. थर्झाने तिच्यापुढे फोटो धरला आणि विचारलं, कसा दिसतो हा माणूस. लिंडाने क्षणभर पाहिलं.

“टोपी घातलीय,” ती म्हणाली. “मिशी आहे. जुन्या फोटोत सगळे सारखेच दिसतात हो.”

“कान?”

“आहेत की दोन.” तिने फोटो परत दिला. “अजून काही हवंय?”

ऑड्री खुर्चीच्या कडेवर बसून होती.

“नको,” थर्झा म्हणाली. “एवढंच.”